ड्रेसिंग रूममध्ये सांगण्याआधी आणि सांगितल्यानंतर

मी व्यावसायिक फुटबॉल खेळतो, बचावफळीत डाव्या बाजूला. मागच्या हंगामाच्या मध्यावर मी गे असल्याचं आधी माझ्या संघाला आणि मग जाहीरपणे सगळ्यांना सांगितलं. हे लिहितोय ते अशा एखाद्या खेळाडूसाठी, जो रात्री खोलीतला सोबती झोपल्यावर फोनवर याच विषयाचं काहीतरी शोधत बसला असेल. मीही वर्षानुवर्षं शोधलं. जे सापडायचं ते जाहीर करण्याच्या दिवशी संपायचं. निवेदन, फोटो, अभिनंदनाचे संदेश, झालं. त्याआधी करार कोणाकडून तपासून घेतला, कर्णधाराला कधी सांगितलं, विम्याच्या अर्जावर काय लिहिलं, हे कोणीच सांगत नव्हतं. माझी खरी दमछाक तिथेच झाली, म्हणून तेच सविस्तर लिहितो.

भीती कशाची होती, ते आधी सांगायला हवं. पुरुषांच्या फुटबॉलमधली उदाहरणं इतकी कमी की ती मला पाठ होती. ब्रिटनमध्ये दहा लाख पौंडांना करारबद्ध झालेला पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू जस्टिन फॅशनू १९९० मध्ये उघडपणे बोलला, त्याची खूप अवहेलना झाली आणि १९९८ मध्ये त्याने आत्महत्या केली. जर्मनीसाठी ५२ सामने खेळलेला थॉमस हिट्झल्सपेर्गर बोलला तो निवृत्तीनंतर, जानेवारी २०१४ मध्ये. अमेरिकेचा रॉबी रॉजर्स २०१३ च्या फेब्रुवारीत वयाच्या पंचविसाव्या वर्षी बोलला आणि त्याच निवेदनात त्याने खेळापासून दूर होत असल्याचंही सांगितलं. तो काही महिन्यांतच लॉस एंजेलिस गॅलक्सीकडून परत मैदानात उतरला, पुढच्या वर्षी संघासोबत लीगही जिंकला. पण मला त्याचं परतणं कमी आठवायचं, जाणं जास्त. आधी कारकीर्द संपवायची, मग बोलायचं, असंच मनात बसलं होतं.

मग २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियाचा जॉश कॅव्हालो, २०२२ मध्ये इंग्लंडचा सतरा वर्षांचा जेक डॅनियल्स आणि २०२३ च्या फेब्रुवारीत चेक राष्ट्रीय संघाचा याकुब यांक्तो, असे तिघे खेळत असतानाच बोलले. सतरा वर्षांच्या मुलाने जे केलं ते मी त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा असून करू शकत नव्हतो, या विचाराने मी अनेक रात्री जागून काढल्या.

शेवटी मार्ग दाखवला तो महिला फुटबॉलमधल्या माझ्या एका मैत्रिणीने. त्यांच्याकडे हा प्रश्न बराच पुढे गेलेला आहे. २०१२ पासून उघडपणे वावरणारी मेगन रपिनो २०१९ च्या विश्वविजेत्या अमेरिकी संघाच्या कर्णधारांपैकी एक होती, आणि त्या स्पर्धेत अशी ती एकटी नव्हती. मैत्रीण माझं सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "रडायचं असेल तर रड, पण उद्या तुझा करार काढ. क्लबला तुझ्याबद्दल कळण्याआधी तुला तुझा करार पाठ पाहिजे."

हंगामापूर्वीचं शिबिर चालू असताना मी खेळाडू संघटनेच्या वकीलबाईंना भेटलो. बऱ्याच खेळाडू संघटनांच्या वर्गणीत पहिला कायदेशीर सल्ला धरलेला असतो, तेव्हा बाहेरचा वकील गाठण्याआधी तिथे विचारून घ्या. पुढचा मसुदा करून घेण्याची फी मी स्वतः भरली. ती साधारण एका विजयाच्या बोनसइतकी झाली. त्यांनी करारातल्या तीन जागांवर पेन्सिलीने खुणा केल्या. पहिली, 'क्लबच्या प्रतिष्ठेला बाधा आणणारं वर्तन'. हे कलम जवळपास प्रत्येक करारात असतं आणि मला त्याचीच धास्ती होती. वकीलबाईंनी त्याच्या बाजूला क्लबचंच भेदभावविरोधी धोरण ठेवलं. त्यात लैंगिक कल हा शब्द स्पष्ट लिहिलेला होता, शिवाय फिफाच्या नियमावलीतही या कारणावरून भेदभावाला बंदी आहे. त्यामुळे ते कलम माझ्यावर चालवता येणार नाही, असं त्यांनी लेखी मत दिलं. तो कागद हातात आला त्या रात्री मला अनेक महिन्यांनी नीट झोप लागली.

दुसरी खूण होती माध्यमांशी बोलण्यापूर्वी क्लबची परवानगी घेण्याच्या अटीवर. म्हणजे जाहीर करायचं तर क्लबला आधी सांगणं भागच होतं. तिसरी जागा माझ्या डोक्यातही आली नव्हती: परदेश दौरे आणि लोनवर दुसऱ्या क्लबकडे पाठवणं. जगात आजही साठेक देशांत समलिंगी संबंध हा गुन्हा आहे. क्लबने तिथे शिबिर लावलं किंवा मला खेळायला पाठवलं तर मला नाही म्हणता येईल का, आणि म्हटलं तर पगार कापला जाईल का? करारात याचं उत्तर नव्हतं. वकीलबाईंनी एका पानाचा पुरवणी करार तयार केला: अशा देशात जायला खेळाडू नकार देऊ शकतो, त्याचा पगार आणि संघातलं स्थान यांवर परिणाम होणार नाही, आणि नकाराची नोंद 'वैयक्तिक कारण' म्हणून केली जाणार नाही. तो क्लबपुढे ठेवायचा तर आधी बोलणं आलं, म्हणून काही महिने तो नुसता पाकिटात राहिला. बुटांच्या प्रायोजकाचा करारही तपासून घेतला. तोही असाच वाचून घ्या, कारण वैयक्तिक प्रायोजकाला करार मोडायला क्लबपेक्षा कमी कारण लागतं.

समुपदेशनाचंही तसंच. क्लबमध्ये क्रीडा मानसोपचारतज्ज्ञ होते, माणूस चांगला होता. तरी मी बसण्याआधी लेखी विचारलं की माझ्या नोंदी कोण पाहू शकतं. उत्तराला दोन-तीन आठवडे लागले. उत्तर असं आलं की बोलणं गोपनीय राहील, पण 'खेळण्याच्या तयारीवर परिणाम करणाऱ्या बाबी' वैद्यकीय प्रमुखांना कळवल्या जातील. यात वावगं काही नाही, पण मला ती फट नको होती. मी बाहेरची समुपदेशक शोधली आणि तिची फी खिशातून दिली. या सगळ्या खर्चात हाच सर्वात सत्कारणी लागला.

मग सांगण्याचा क्रम ठरवला. याबद्दल माझं मत पक्कं आहे: कोणाला सांगायचं याच्याइतकंच कोणाआधी कोणाला सांगायचं हे महत्त्वाचं. एजंट, क्लबचे अधिकारी, प्रायोजक हे नंतर. आधी ती माणसं, ज्यांचं आयुष्य यामुळे बदलणार असतं.

माझा जोडीदार खेळाडू नाही. मी बोललो की काही तासांत लोक त्याला शोधून काढणार, हे उघड होतं. त्याच्या ऑफिसात कोणालाच माहीत नव्हतं. त्याने एकच मागितलं, की माझ्या निवेदनाआधी त्याला त्याच्या माणसांना सांगायला वेळ मिळावा, आणि निवेदनात त्याचं नाव किंवा फोटो नसावा. तो वेळ देताना सगळं आणखी लांबलं. संघात जोडीदारांच्या गप्पा निघाल्या की मी नेहमीसारखा गप्प बसत होतो आणि आतून उकळत होतो. पण त्याची तयारी झाल्याशिवाय मी पुढे जाणार नव्हतो. घरी आईला आणि भावाला आधीपासून माहीत होतं. त्यांच्यासाठी नवीन एवढंच की आता बाकीच्यांनाही कळणार. पत्रकार घरी फोन करतील, हे आईला समजावलं. तिने एका कागदावर 'तो जे बोलला आहे तेच आमचं म्हणणं' असं लिहून तो फोनजवळ ठेवला. नंतर तिने खरोखर तेच वाक्य प्रत्येकाला ऐकवलं, चुकूनही एक शब्द जास्त नाही.

संघात पहिल्यांदा सांगितलं ते कर्णधाराला. सरावानंतर आम्ही दोघंच थांबलो होतो. तो बराच वेळ बुटांच्या नाड्या सोडवत राहिला. मग त्याने विचारलं, "तू इथे असताना आम्ही काय काय बोललोय?" मी खरं सांगितलं. चुकलेल्या पासला, हळू धावणाऱ्याला, रडणाऱ्याला, सगळ्यांना तोच एक शिवीसारखा शब्द वापरला जायचा. कोणीही तो माझ्यासाठी वापरला नव्हता, पण मी तो रोज ऐकत होतो. कर्णधाराने लगेच सगळ्यांना ताकीद द्यायची म्हटलं. मी थांबवलं, कारण अचानक ताकीद आली की कोणासाठी आली याचा शोध सुरू होतो. शेवटी त्याने लीगच्या नियमांचा आधार घेतला. शिस्त समिती आता बोलण्यावरही कारवाई करते, टीव्हीचे माइक सगळं पकडतात, तेव्हा ड्रेसिंग रूममध्येच सवय मोडू या, असं तो सगळ्यांना म्हणाला. काही आठवड्यांत तो शब्द पूर्ण गेला नाही, पण बराच कमी झाला. प्रशिक्षकाने सांगून एवढं झालं नसतं. खेळाडू कर्णधाराचं ज्या कानाने ऐकतात तो कान वेगळा असतो.

प्रशिक्षकांना आणि क्लबच्या खेळाडू कल्याण अधिकाऱ्यांना एकाच दिवशी सांगितलं. प्रशिक्षकांनी दोन मिनिटांत विषय हंगामावर नेला. मला ते बरं वाटलं, कारण मला दयेचा सूर नको होता. कल्याण अधिकारी मात्र वही घेऊन बसल्या आणि पुढचे दीड-दोन महिने काम त्यांनीच चालवलं. पुरवणी करार त्यांच्यामार्फत वर गेला. सहीला वेळ लागला, कारण कायदा विभागाला 'वैयक्तिक कारण' या शब्दांवरच्या ओळीची अडचण होती. आम्ही ती ओळ सोडली नाही. अखेर त्यांनी ती मान्य केली. जाहीर करण्याआधी हा कागद सही होऊन यायला हवा, यावर मी अडून राहिलो. नंतर सगळे इतके प्रेमाने वागतात की कागद मागायचा संकोच वाटतो.

याच काळात एका पत्रकाराने एजंटला फोन करून माझ्या 'खाजगी आयुष्या'बद्दल विचारलं. एजंटला तोवर मी काहीच सांगितलं नव्हतं, त्यामुळे तो खरोखरच काही सांगू शकला नाही. त्या संध्याकाळी माझे हात थरथरत होते. क्लबच्या माध्यम अधिकाऱ्याने मग दोन निवेदनं तयार ठेवली: एक ठरल्या दिवसाचं, दुसरं बातमी फुटली तर तासाभरात देता येईल असं. ते दुसरं निवेदन लागलं नाही, पण ते तयार आहे हे माहीत असल्यामुळे मी सामने खेळू शकलो. तुम्हीही ते आधी लिहून ठेवा, आणि दोन्ही निवेदनं स्वतःच्या शब्दांत असू द्या.

दिवस निवडला सोमवार. आदल्या शनिवारी सामना होता, पुढचा घरच्या मैदानावर होता, म्हणजे मध्ये आठवडा मोकळा. त्याआधीच्या रात्रीत सगळ्या खात्यांचे पासवर्ड बदलले, दुहेरी पडताळणी लावली, जोडीदाराची आणि भावाची खाती खाजगी केली, कमेंटमध्ये ठरावीक शब्द आपोआप गाळले जातील अशी सोय केली. पहिले काही दिवस माझं खातं क्लबची एक कर्मचारी पाहणार होती, मी नाही. ही अट समुपदेशकाची होती. ती पाळणं जड गेलं, पण पाळली.

संघाला त्याच सकाळी सांगितलं. मी उभा राहून चार-पाच वाक्यं बोललो. गोलरक्षक उठला आणि त्याने मिठी मारली, मग बाकीचे. एकाने विचारलं की खोलीत कोणासोबत राहायचं यात काही बदल हवा का. प्रश्न अवघड होता, पण त्याने तो सगळ्यांसमोर विचारला म्हणून मला त्याचा आदर वाटला. मी नाही म्हटलं आणि तो विषय तिथेच संपला. एक सहकारी मात्र गप्प होता. दुपारी तो एकटा भेटायला आला. म्हणाला, त्याची श्रद्धा त्याला हे मान्य करू देत नाही, पण मैदानात तो माझ्या बाजूने उभा राहील आणि माझ्याबद्दल कोणी घाणेरडं बोललं तर ऐकून घेणार नाही. मला वाईट वाटलं, ते मी त्याला सांगितलंही. पण तो सरळ बोलला होता आणि पुढे शब्दाला जागला.

म्हणूनच क्लबने पुढच्या सामन्याला सगळ्यांनी इंद्रधनुषी नाड्या बांधाव्यात असं सुचवलं तेव्हा मी ते ऐच्छिक ठेवायला सांगितलं. २०२२ च्या जुलैत ऑस्ट्रेलियातल्या मॅनली रग्बी लीग क्लबच्या सात खेळाडूंनी इंद्रधनुषी जर्सी घालायला नकार देऊन सामना सोडला होता. ती जर्सी घालायची आहे हे त्यांना आधी विचारलं गेलंच नव्हतं. त्याच वर्षी कतारच्या विश्वचषकात युरोपातल्या सात संघांच्या कर्णधारांनी पिवळ्या कार्डाच्या इशाऱ्यानंतर 'वन लव्ह' ही भेदभावविरोधी रंगीत पट्टी दंडावर न बांधण्याचं ठरवलं. चिन्हांना माझा विरोध नाही, मी स्वतः त्या नाड्या बांधल्या. पण वरून लादलेल्या चिन्हामुळे सगळं लक्ष न बांधणाऱ्यावर जातं, आणि ज्याच्यासाठी ते केलं तो पुन्हा एकटा पडतो.

जाहीर झाल्यावरचा आठवडा फारसा आठवत नाही. एवढं आठवतं की इतर संघांतल्या, इतर खेळांतल्या काही खेळाडूंनी मला गुपचूप लिहिलं. त्यांच्याबद्दल मी इथे याहून जास्त काही लिहिणार नाही. घरच्या मैदानावर टाळ्या मिळाल्या. बुटांचा प्रायोजक राहिला.

कस लागला तो काही आठवड्यांनी, बाहेरच्या एका मैदानावर. दुसऱ्या सत्रात मी थ्रो-इन घ्यायला रेषेजवळ गेलो की स्टँडच्या एका कोपऱ्यातून घोषणा सुरू व्हायच्या. पहिल्या वेळी मी दुर्लक्ष केलं. दुसऱ्या वेळी कर्णधार थेट पंचांकडे गेला. इथे नियम माहीत असणं फार उपयोगी पडतं. भेदभावाच्या घोषणांसाठी फिफाची तीन टप्प्यांची पद्धत आहे: आधी सामना थांबवून मैदानावर सूचना, तरी चालू राहिलं तर खेळाडूंना आत नेऊन सामना तहकूब, आणि शेवटी सामना रद्द. फ्रान्समध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये नान्सी आणि ल मान यांचा सामना पंचांनी अशाच घोषणांसाठी थोडा वेळ थांबवला होता. आमच्याकडेही पहिला टप्पा लागू झाला, ध्वनिक्षेपकावरून सूचना झाली. ती ऐकताना सगळं मैदान माझ्याकडे पाहतंय असं वाटलं आणि क्षणभर वाटलं की नसतं सांगितलं तर बरं. तेवढ्यात तो श्रद्धाळू सहकारी माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. घोषणा थांबल्या आणि आम्ही सामना पूर्ण केला.

मला त्या वेळी अमेरिकेतल्या सॅन दिएगो लॉयल या फुटबॉल क्लबचे खेळाडू आठवत होते. सप्टेंबर २०२० मध्ये त्यांच्यातल्या, उघडपणे गे असलेल्या कॉलिन मार्टिनला प्रतिस्पर्ध्याने समलिंगीद्वेषी शिवी दिली, तेव्हा मध्यंतराला ३-१ ने पुढे असूनही ते मैदान सोडून गेले आणि सामना गमावला. आमच्या कर्णधाराने नंतर मला सांगितलं की तिसऱ्या वेळी झालं असतं तर त्यानेही तेच केलं असतं. मी त्याला तसं कधी विचारलं नव्हतं.

तक्रारीचं काम त्याच रात्री सुरू झालं. असं काही घडलं तर बसमध्येच फोनवर लिहून काढा: कितव्या मिनिटाला, कोणत्या स्टँडमधून, नेमके कोणते शब्द, पंचांना कोणी सांगितलं. दुसऱ्या दिवशी आठवण पुसट होते आणि शिस्त समिती नेमकं तेच विचारते. आमच्या निवेदनासोबत पंचांचा अहवाल, सामना निरीक्षकाचा अहवाल आणि मैदानाजवळच्या माइकचं ध्वनिमुद्रण गेलं. निकालाला दोनेक महिने लागले. त्या काळात मला एकदा तोंडी साक्षीला बोलावलं, तेव्हा घोषणेतले शब्द मला मोठ्याने म्हणावे लागले. त्याची मनाची तयारी करून जा. सोबत संघटनेचा माणूस न्या, तो हक्क असतो. त्या क्लबला दंड आणि पुढच्या एका सामन्याला तो कोपरा बंद, असा निकाल लागला. मला तो पुरेसा वाटला नाही, पण निकालपत्रात कारण स्पष्ट शब्दांत लिहिलं होतं. पुढच्या खेळाडूला त्या कागदाचा आधार घेता येईल.

आता अर्जांबद्दल. क्लबच्या आपत्कालीन संपर्काच्या अर्जावर नातं या रकान्यात मी इतकी वर्षं भाऊ लिहीत होतो. मैदानात मला गंभीर दुखापत झाली असती तर जोडीदाराला ती टीव्हीवरून कळली असती, कोणीही त्याला फोन केला नसता. हा विचार मला घोषणांपेक्षा जास्त छळायचा. तो अर्ज एका दिवसात बदलून मिळाला. कुटुंबीयांच्या प्रवेशपत्रासाठी मात्र फक्त पती किंवा पत्नी असा पर्याय होता, प्रणाली तिसरं काही घेतच नव्हती. कल्याण अधिकारी त्यामागे लागल्या आणि पर्याय बदलून घ्यायला जवळजवळ हंगाम संपत आला. विम्याचं नामनिर्देशन वेगळंच प्रकरण आहे. लग्नाची कायदेशीर नोंद नसेल तर जोडीदाराला नॉमिनी करता येतं का आणि दावा मंजूर होताना वारसांची हरकत चालते का, हे जागोजागच्या कायद्यावर ठरतं. हे वकिलालाच विचारा, विमा प्रतिनिधीला विचारून थांबू नका. सोबत उपचारांच्या निर्णयासाठी जोडीदाराच्या नावाचं अधिकारपत्र करून त्याची प्रत संघाच्या डॉक्टरांकडे द्या.

हंगाम संपल्यावर क्लबने पुढच्या शिबिराची ठिकाणं काढली. त्यातलं एक त्या साठेक देशांमधलं होतं. मी पुरवणी कराराचा दाखला देऊन पत्र दिलं, उत्तर चार दिवसांत आलं. मी राखीव संघासोबत सराव करेन, पगार पूर्ण राहील, असं त्यात होतं. गैरहजेरीच्या नोंदीत 'करारातील तरतुदीनुसार' असं लिहून आलं, आणि त्या पत्राची प्रत मी संघटनेकडे ठेवली आहे, मागणाऱ्या कोणत्याही खेळाडूला नमुना म्हणून देता यावी म्हणून.